आशाताईचा शेवट

वॉटफर्ड, ९ फेब्रुवारी २०२५

ऋजुता,

शुक्रवारी तुझा चित्रपट संपल्यावर मी तुम्हा दोघांना न भेटता निघून आले, म्हणून वरदचा मेसेज आलाय. मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. तब्येतीचं काही असतं तर तुला सोयीचं झालं असतं, पण तसं नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आणि मराठीत, कारण मला इंग्रजीत रागावता येत नाही. सगळी नोकरी कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर गेली. तिथे मी इंग्रजीत फक्त सॉरी म्हणायला शिकले. तुला देवनागरी मीच शिकवलीय, शनिवारच्या मराठी शाळेत, तेव्हा वाचता येत नाही हे कारण मला देऊ नकोस. अक्षर लावायला वेळ लागेल, लागू दे. फारच अडलं तर वरदला वाचायला लाव. वरद, तू वाचत असलास तर मधलं गाळू नकोस. बायकोला वाईट वाटेल म्हणून गाळशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

चित्रपटाच्या शेवटी मी नाचते. बागेत ऊन पडलंय, अंगावर तुझ्या आईची मोरपंखी साडी आहे, आणि ती केअरर पोरगी, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी, माझे दोन्ही हात धरून मला गोल फिरवते. मी हसते, आणि त्या हसण्यावर पडदा पांढरा होतो. माझ्या शेजारी बसलेली कपडेपटाची बाई रडत होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी अंधारात पर्स शोधत होते.

तो नाच माझ्याकडून कसा करून घेतलास, ते आठव. शूटिंग कधीच संपलं होतं. तुझा फोन आला की क्रॉयडनला सेट लावलेल्या त्याच बंद शाळेत पुन्हा ये, एक छोटं काम राहिलंय. तुझ्या त्या मोडक्या मराठीत म्हणालीस, ‘आईला एक स्वप्न पडतो मावशी, त्यात ती नाचते.’ मला वाटलं, स्वप्नात तरी नाचू दे ताईला. गुडघ्याला पट्टा बांधून मी नाचले, साडीखाली तो दिसू नये म्हणून निऱ्या खाली सोडल्या. तू मॉनिटरमागून येऊन मला मिठी मारलीस. तेव्हाच तुला ठाऊक होतं की हे स्वप्न नाही, हा शेवट आहे.

खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवते. तुला ते माहीत आहे. पण आता चित्रपट गावोगाव लागेल, सगळ्यांना दुसरंच माहीत होईल, आणि काही वर्षांनी तुलाही तेच खरं वाटायला लागेल.

ताईचं आधी इंग्रजी गेलं. बँकेत आयुष्य काढलेली बाई, पण शेजारणीला गुड मॉर्निंग म्हणायचं विसरली. मग स्वयंपाक विसरली, मग जिना. राहिली फक्त मराठी. आपण तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवलं, चांगलं होम होतं, पडदे सुंदर होते. तिथे ती बाथरूमपाशी पडली. त्यांनी उचलून पलंगावर ठेवलं. ती सांगत राहिली, मराठीत, येईल त्याला. त्यांना वाटलं, बाई नेहमीसारखी पुटपुटतेय. गप्प बसावी म्हणून हिंदी गाण्यांचा रेडिओ लावून ठेवला. मी नागपूरला होते. परत आले ती हीथ्रोवरून बॅगेसकट थेट तिच्याकडे गेले. मला बघितल्याबरोबर ती म्हणाली, ‘नीने, माझा डावा खुबा मोडलाय, यांना सांग गं.’

एका वाक्यात सांगितलं तिने. वेड लागलेल्या बाईचं वाक्य नव्हतं ते. मी सांगितलं, ॲम्ब्युलन्स आली, एक्स-रेमध्ये हाड दुभंगलेलं दिसलं. तोवर रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ऑपरेशनआधीच ती गेली.

हे तू लिहिलंस. तुझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये हे होतं, जसंच्या तसं, म्हणून मी ताईचं काम करायला तयार झाले. मराठी मंडळाच्या नाटकांत पाटलीणबाई करणारी मी, मला कुठली ॲक्टिंग. पडण्याचा सीन केला तेव्हा साउंडवाल्याने हेडफोन काढून डोळे पुसले होते. त्याला एक शब्द कळत नव्हता, तरी. तू म्हणालीस, ‘मावशी, आई दिसला तुझ्यात.’

शुक्रवारी तोच सीन बघितला. मी पलंगावर तेच म्हणते, डावा खुबा मोडलाय माझा, हात लावून बघा. आणि खाली इंग्रजीत अक्षरं येतात: मला घरी जायचंय.

हे कुणी लिहिलं? तू? तुझ्या आईच्या तोंडचं वाक्य आहे ते. पुढे ती केअरर फोनवर मराठी शिकते, ‘दुखतंय का’ म्हणते, मुलगी एडिनबराहून ट्रेन पकडून वेळेवर पोचते, डॉक्टर हसतो, आणि मी नाचते.

जाताना तुझी प्रोड्यूसर फिलिपा मला जिन्यात भेटली. खूश होती. तिने समजावून सांगितलं की चित्रपटाचं पहिलं रूप त्यांनी मिल्टन कीन्समध्ये साध्या प्रेक्षकांना दाखवलं आणि त्यांच्याकडून कार्डं भरून घेतली. लोकांना आजी फार आवडली, पण आजी मरते ते आवडलं नाही.

मलाही आवडलं नव्हतं, मी तिला म्हटलं. तिला तो विनोद वाटला.

फोनच्या सीनबद्दल आज लिहीत नाही. तू तो काढून टाकलास, एवढं बघितलं. राग जरा खाली बसला की लिहीन.

नीनामावशी


वॉटफर्ड, २ मे २०२५

ऋजुता,

उत्तर नाही. बरं.

वॉटफर्ड जंक्शनला मी लागलेय. कार इन्शुरन्स आणि दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातींच्या मधोमध, हातात कप, डोक्यामागे सूर्य. चित्रपटाचं नावही बदललंत. ‘लेफ्ट साइड’ होतं तेव्हा मला अर्थ कळत होता. आता ‘टी विथ आशा’. तुझी आई जन्मात चहा प्यायली नाही. कॉफी लागायची तिला, चिकोरी घातलेली, आणि ती इथे मिळत नाही म्हणून आयुष्यभर कुरकुरली. पण चहा पिणारी भारतीय आजी म्हटलं की पोस्टरवर चपखल बसते.

मायराने, तुमच्या त्या पब्लिसिटीवाल्या पोरीने, मला रेडिओवर नेण्याआधी टॅक्सीत शिकवलं. फार गोड मुलगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली की बोलताना वॉर्म ठेवा. आठवणी सांगा, जेवणाचं सांगा, बहिणीवरचं प्रेम सांगा. आजार म्हणू नका, प्रवास म्हणा. मी विचारलं, मेली म्हणू का? ती गोंधळली. म्हणाली, शक्यतो त्या बाजूला न गेलेलं बरं, कारण लोकांना शेवट कळायला नको.

रेडिओवरच्या माणसाने विचारलं, सेटवर सगळ्यांसाठी समोसे करत होता का? मी म्हटलं, नाही, केटरिंग होतं. त्याने घाईघाईने गाणं लावलं.

मंडळात मात्र मी मोठी झालेय. शशीवहिनींनी आख्खं थिएटर बुक करायचं काढलंय, सगळ्याजणी पैठण्या नेसून जाणार आहेत. त्या मला म्हणाल्या, ‘आशाचं सोनं झालं हो.’ त्या तिच्या अंत्यसंस्काराला होत्या, ऋजुता. त्यांना माहीत आहे ती कशी गेली. ट्रेलर बघितल्यावर त्याही विसरल्या. किंवा विसरायला काहीतरी मिळालं म्हणून सुटल्या.

वर्तमानपत्रांतही चांगलंच आलंय. एकाने लिहिलं की या वर्षातला हा सगळ्यात मायाळू ब्रिटिश चित्रपट आहे. दुसऱ्याने लिहिलं की ब्रिटनला आज अशाच गोष्टीची गरज आहे. ब्रिटनला कशाची गरज आहे ते ब्रिटन बघून घेईल. ताईला एका माणसाची गरज होती, जो तिच्या पायाला हात लावून बघेल.

हे सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. मुलगी आहेस, पहिला चित्रपट आहे, सात-आठ वर्षं धडपडलीस, सरकारी मदतीसाठी अर्ज करकरून थकलीस, हे मी जवळून बघितलंय. माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू ते अर्ज लिहायचीस.

पण काल मायराचा ईमेल आला. रिलीजच्या आठवड्यात वॉटफर्डला एक खास शो आहे, वृद्धाश्रमातल्या लोकांसाठी, आणि चित्रपटानंतर आपण दोघींनी स्टेजवर बोलायचं आहे. खाली पार्टनर म्हणून नाव आहे. मी दोनदा वाचलं. तीच कंपनी. ज्यांच्या घरात तुझी आई पडून होती, ती. ज्यांनी आपल्याला पत्र पाठवून कळवलं की चौकशीत देखभालीत कुठलीही कमतरता आढळली नाही, ती.

आता त्या कंपनीला तुझा चित्रपट आपल्या सगळ्या होम्समध्ये ट्रेनिंगला दाखवायचा आहे म्हणे. का नाही दाखवणार? त्यात त्यांची पोरगी मराठी शिकते आणि म्हातारीला वाचवते.

हे करू नकोस. बाकी काही मागत नाही. पोस्टर राहू दे, चहा राहू दे, नाच राहू दे. एवढा एक शो रद्द कर, नाहीतर त्यांचं नाव काढायला सांग. तू दिग्दर्शक आहेस, तू नाही म्हटलंस तर फिलिपाला ऐकावं लागेल. नसेल ऐकत, तर निदान तू येऊ नकोस.

मावशी


वॉटफर्ड, १९ मे २०२५

ऋजुता,

वरदचा काल फोन आला होता. त्याने तुझी बाजू मांडली, नीट मांडली. मी त्याला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, तुला रोज तिच्यासोबत जेवायचंय. त्याने विचारलं, ‘मावशी, तुम्ही हे ठरवून केलंत का?’ नाही. तुलाही तेच सांगते. ठरवून केलं असतं तर इंग्रजीत बोलले असते.

त्या शोला मी आले ती तुला भेटायला. फोनवर नाही, पत्रावर नाही, मग निदान स्टेजमागे भेटशील म्हणून. मायराने मला केस करायला बसवलं आणि तू आलीस ती थेट दिवे लागायच्या वेळी. माझ्या गालाला गाल लावलास. तुझ्या अंगाला नवा सेंट होता.

हॉलमध्ये पुढच्या रांगा काढून व्हीलचेअर्ससाठी जागा केली होती. कंपनीच्या लोकांनी जांभळे टी-शर्ट घातले होते, मागे टेबलावर केक आणि चहाचे थर्मास. ती मॅनेजरीण मी ओळखली. ताई गेल्यावर जिने तिच्या वस्तू पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या, तीच. तिने मला ओळखलं नाही. तिने पोस्टरवरच्या बाईशी हात मिळवला, म्हणाली, तुम्ही आमचं काम किती खरं दाखवलंत.

चित्रपट झाला. नाचाला सगळे रडले, टाळ्या झाल्या. मग आपण दोघी खुर्च्यांवर. सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाने तुला आधी विचारलं, आणि तू छान बोललीस, आईबद्दल, तिच्या हाताच्या पोळ्यांबद्दल. मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला की तुम्ही तुमच्या सख्ख्या बहिणीची भूमिका केलीत, आज ती इथे असती तर काय म्हणाली असती? आणि हसून म्हणाला, हवं तर तुमच्या भाषेत सांगा, ऋजुता भाषांतर करेल.

मी समोर बघितलं. अगदी पुढे व्हीलचेअरमध्ये एक म्हातारी होती, मान कलती, ओठ हलत होते. कुणाशी तरी बोलत होती ती, हळू आवाजात, आणि शेजारी जांभळ्या टी-शर्टातली मुलगी फोन बघत होती. तेवढंच झालं. माझ्या तोंडून ताईचं वाक्य निघालं.

‘माझा डावा खुबा मोडलाय. मी सांगतेय, तुम्ही ऐकत नाही. मी इथे पडून मेले. हे लोक इथेच बसलेत.’

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू माझ्याकडे बघितलंस. माइक धरलेला तुझा हात खाली गेला, परत वर आला.

तू इंग्रजीत म्हणालीस, ‘ती म्हणाली असती, मला घरी आणल्याबद्दल थँक यू.’

टाळ्या किती वेळ चालल्या. ती मॅनेजरीण उभी राहून वाजवत होती. मी त्या टाळ्यांत बसले होते, ऋजुता, आणि मला पहिल्यांदा कळलं की ताईला त्या पलंगावर कसं वाटलं असेल. इतके दिवस तिची भूमिका केली, पण ते कळलं नव्हतं. आपण बोलतोय, सगळे आपल्याकडे प्रेमाने बघतायत, आणि एकालाही ऐकू येत नाही.

मागे कॉरिडॉरमध्ये तू मला धरलंस. आता तुझा आवाज चढला होता.

‘मावशी, समोर रेसिडेंट्स बसलेले. त्यांना काय सांगणार होते मी? की तुम्ही पण असेच मरणार?’

मी म्हटलं, त्यांना नाही, त्यांच्या मागे जांभळ्यात बसलेल्यांना सांगायचं होतं.

‘पहिला फिल्म कुणीच बघितला नसता. डिस्ट्रिब्युटर नाही, थिएटर नाही. दोन फेस्टिव्हल आणि खलास. आता लाखो लोक आईला ओळखतात.’

कुठल्या आईला, मी विचारलं. तू म्हणालीस की मला इंडस्ट्री कळत नाही. ते खरं आहे. मग तू म्हणालीस की मला तुझं यश बघवत नाही, आणि मायरा तिथे आली म्हणून आपण दोघी हसलो. तो फोटो तिने काढलाय. मला पाठवला.

फोनच्या सीनबद्दल लिहीन म्हटलं होतं, ते आता लिहिते. वरद, हे तिला वाचून दाखवू नकोस. हे तिचं तिला वाचू दे.

ताई पडल्यानंतर तू तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोललीस. केअररने टॅब्लेट तिच्यापुढे धरला होता. हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलेलं नाही, तूच सांगितलंस, माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी, रडत. ताई तुला म्हणत होती, ‘खुबा गं, खुबा.’ तो शब्द तुला माहीत नव्हता. कसा असणार? वॉटफर्डमध्ये वाढलेल्या मुलीला खुबा कुणी शिकवला? तुला ऐकू आलं, ‘खूप गं, खूप.’ लहानपणी ती तुला विचारायची ना, आई किती आवडते, आणि तू हात पसरून म्हणायचीस, खूप खूप. तुला वाटलं, इतकं सगळं विसरूनही आईला हे आठवतंय. तू आनंदाने रडलीस, आणि स्क्रीनला ओठ लावून तिला म्हणालीस, ‘मी पण आई. खूप खूप.’

हा सीन तू लिहिलास तेव्हा मी तुला म्हटलं होतं, हे लोकांपुढे ठेवायची गरज नाही, हे तुझ्यापुरतं ठेव. तू म्हणालीस, नाही मावशी, हाच तर फिल्म आहे. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले. आपण तो सीन क्रॉयडनला केला. तुझी भूमिका करणारी मुलगी स्क्रीनला ओठ लावते तेव्हा सगळं युनिट जागच्या जागी थांबलं होतं.

आणि आता त्या जागी काय आहे? मुलगी फोनवर ऐकते, तिला लगेच कळतं, ती ट्रेन पकडते.

कंपनीला तू दोषातून सोडलंस, ते फिलिपाने सांगितलं म्हणून असेल. पण हा सीन मिल्टन कीन्सच्या कुठल्या कार्डावर काढायला सांगितला होता?

मावशी


वॉटफर्ड, २९ जून २०२५

ऋजुता,

तुझं पाकीट मिळालं. पत्त्याचं अक्षर बघून आधी वाटलं, कुणा लहान मुलाचं आहे. आत एकच ओळ, मराठीत, खाडाखोड करून लिहिलेली. ‘मावशी, तो शब्द मला माहीत नव्हती.’

मी ती फ्रिजवर लावली नाही, फाडलीही नाही. ड्रॉवरमध्ये आहे.

माहीत नव्हता, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मी तुला कधी एका शब्दाने बोलले का? ताई असती तर तिने तुला जवळ घेतलं असतं आणि स्वतःचंच चुकलं म्हणाली असती, मुलीला मराठी नीट शिकवली नाही म्हणून. त्या दिवशी तुला शब्द माहीत नव्हता. वॉटफर्डच्या स्टेजवर माहीत होता. मी बोलत असताना तुझ्या चेहऱ्यावरून तो गेलेला मी बघितला. तू आईला एकदा नकळत ऐकलं नाहीस, ते माफच होतं. दुसऱ्यांदा तुला स्वच्छ ऐकू आलं होतं.

हे एवढं लिहून पत्र संपवणार होते. पण गेल्या मंगळवारी एक गोष्ट घडली, ती तुला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. सांगूनही वाटणार नाही.

दुपारच्या शोला मी एकटीच गेले, तिकीट काढून. पेन्शनरांचा शो असतो तो, बिस्किटं देतात. मला बघायचं होतं की मला कुणी ओळखत नसताना, कार्डं भरून घेत नसताना, लोक कसे बघतात. मी मफलर गुंडाळून मागे बसले. जूनमध्ये मफलर. वेडीच दिसत असेन.

लोक हसायचं तिथे हसले. पडण्याच्या सीनला कुणी खोकलंसुद्धा नाही. ‘मला घरी जायचंय’ अशी अक्षरं आली तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा हुंदका देऊन रडला, आणि नाच होईपर्यंत रडतच राहिला. दिवे लागल्यावर तो उठेना. मी शेजारून जाताना त्याने वर बघितलं आणि मला ओळखलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला ओळखलं असं मला वाटलं, का कोण जाणे.

इंग्रज माणूस, ब्लेझर घातलेला, दाढी करताना कापलेला. त्याची बायको अशाच एका होममध्ये होती. तिला स्ट्रोकनंतर बोलता येत नव्हतं, नुसते आवाज काढायची. तो रोज जायचा, पण शेवटी त्यालाच फ्लू झाला आणि आत जाऊ दिलं नाही, आणि त्या दिवसांतच ती गेली. तो म्हणाला, ती शेवटी काय सांगत असेल याचा विचार करून मला झोप येत नाही. आज वाटलं की ती घरी यायचंय म्हणत असेल. हे ऐकून बरं वाटलं. निदान हे तरी.

मग त्याने माझा हात धरला आणि विचारलं, ‘ती खरी बाई, तुमची बहीण, शेवटी सुखात होती का?’

बघ, ऋजुता. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पाच महिने तुला जे लिहितेय ते सगळं. या वेळी मध्ये भाषांतर करणारं कुणी नव्हतं, आणि माझं इंग्रजी तेवढं आहे. समोर एकच माणूस, आणि तो ऐकायला बसला होता. असा श्रोता मला ना स्टेजवर मिळाला, ना रेडिओवर. आणि तो माणूस वाट बघत होता.

मी म्हटलं, ‘हो. फार सुखात होती.’

त्याने माझ्या हातावर थोपटलं. थँक यू म्हणाला, छत्री घेतली, हळूहळू पायऱ्या उतरून गेला. मी सफाईवाली मुलगी झाडू घेऊन येईपर्यंत तिथेच बसले.

आता तू म्हणशील, मावशी, कळलं ना? हो, कळलं. तू कसं केलंस, मिल्टन कीन्सच्या त्या कार्डांवर काय लिहिलं असेल आणि कुणी लिहिलं असेल, हे मला आता नीट दिसतं. त्या म्हाताऱ्यासारख्यांनीच लिहिलं असेल. त्यांना मी नाही म्हणू शकले नाही, तू कशी म्हणणार होतीस.

पण कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. उलट तो आता कुठे ठेवायचा ते मला कळेनासं झालंय. आधी ताईला ऐकणारी मी एकटी तरी होते. मी हीथ्रोवरून बॅग घेऊन गेले, मी तिचं वाक्य ऐकलं, मी ते सगळ्यांना सांगितलं, एवढं माझ्यापाशी होतं. मंगळवारी तेही मी त्या माणसाला देऊन टाकलं. तुझ्या चित्रपटाने माझ्याकडून ते काढून घेतलं नाही, मी आपल्या हाताने दिलं, आणि तो खूश होऊन गेला.

मायराचा ईमेल आलाय की सप्टेंबरमध्ये तुझ्या चित्रपटाला कुठलं तरी बक्षीस मिळायचं आहे, आणि मी तुझ्याबरोबर स्टेजवर असावं असं सगळ्यांना वाटतं. मी येणार नाही, तसं तिला कळवलंय. गुडघ्याचं कारण दिलंय. तिला ते चालेल.

तू एकटी जा. तिथे आईबद्दल बोलावं लागेल, तेव्हा जे बोलायचं ते बोल. सुखात होती म्हण. कुणी खोडून काढणार नाही. खोडून काढू शकेल अशी एकच बाई होती, आणि आता तिनेही तेच सांगितलंय.

नीनामावशी